वेनकाकांच्या बॅगेतलं माझं पॅकिंग

डेबीनं टेबलावर फोटो ठेवला आणि म्हणाली, "अ‍ॅश, हे पॅकिंग कोणाचं?"

मी बघितलं. माझंच होतं की. पांढरा फोम, त्यात गेजच्या मापाचा खड्डा, कडा अशा गुळगुळीत कापलेल्या की आमच्याकडे दुसरं कोणी तशा कापतच नाही. आणि बाजूच्या उरलेल्या जागेत घट्ट बसवलेला दह्याचा जुना डबा. झाकण उघडून फोटो काढलेला. आत बेसनाचे लाडू, अकरा. मी बारा दिले होते, एक कोणीतरी तपासायला फोडला असणार. म्हणजे तेवढ्या भीतीत पण मी लाडू मोजले बघा.

डेबीच्या शेजारी दोन माणसं उभी होती, एक पुरुष, एक बाई, दोघांच्या कमरेला सरकारी बिल्ले. डेबी म्हणजे माझी सुपरवायझर, बाई जोरात बोलणारी, पण त्या दिवशी इतकं हळू बोलली की मला जास्तच भीती वाटली. मला चीन नाही, अमेरिका नाही, काही सुचलं नाही. एवढंच आलं डोक्यात, साडेपाचला जिजाला डेकेअरमधून कोण आणणार? मला घेऊन गेले तर? जिजा माझी मुलगी, तेव्हा चौदा महिन्यांची. ती इथे जन्मली म्हणजे ती अमेरिकेची. मी नवऱ्याच्या व्हिसावर. मला परत पाठवलं तर ती इकडे आणि मी गावाला, विट्याला?

थांबा, मी एकदम मधूनच सुरू केलं. आमच्या मंडळाच्या शैलाकाकू म्हणाल्या, "अश्विनी, दिवाळी अंकात सगळे कोडिंगवरच लिहितात गं, तू तुझ्या कामाचं लिही." मी म्हणलं काकू, मी बारावी नापास, मला काय लिहिता येतंय? तर म्हणाल्या, बोलतेस तसं लिही. म्हणून बोलते तसं लिहितेय.

माझा नवरा सागर हा माझ्या मामाचाच मुलगा. तो शिकला, इंजिनीअर झाला, मी नाही शिकले, पण लग्न लहानपणीच ठरल्यासारखं होतं आणि त्यानं कधी नाही म्हणलं नाही. फ्रीमाँटला आल्यावर चार वर्षं घरात बसले. मग मला कामाचं कार्ड मिळालं आणि शेजारच्या बाईनं या गोडाऊनमध्ये लावून दिलं.

गोडाऊन म्हणजे काय, तर चिप बनवायच्या मशीनचा जुना बाजार समजा. कॉम्प्युटरमध्ये, फोनमध्ये, गाडीत ती चिप असते ना, ती बनवायला खोलीएवढ्या मशीन लागतात. एखादा कारखाना बंद पडला की आमचा मालक त्या जुन्या मशीन उचलून आणतो, मागच्या शेडमध्ये त्या खोलतात, भाग धुतात, तपासतात आणि पुढे मी ते पॅक करते. व्हॉल्व्ह, पंप, रिंगा, गेज. गावाकडं मामी, म्हणजे माझी सासू, सगळ्यांना सांगते की सून वेफर्सच्या कारखान्यात आहे. मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं.

पॅकिंग सोपं वाटतं पण नाहीये. हातात दोन ग्लोव्ह, एकावर एक. धूळ नको, केस नको, बोटाचा डाग नको. लोकल ऑर्डर असेल, म्हणजे माणूस स्वतः काउंटरवर येऊन घेऊन जाणार असेल, तर एक पिशवी आणि बबलचा कागद, बस. विमानातून जाणार असेल तर दोन पिशव्या, आतली हवा काढायची, ओल शोषायची पुडी टाकायची, फोम मापानं कापायचा. आणि मोठा नियम एकच, खोक्यात रिकामी जागा ठेवायची नाही. जागा राहिली की माल हलला, माल हलला की गेला.

आणि दुसरा नियम कागदाचा. हा भाग कोण वापरणार, कुठं वापरणार ते लिहून घ्यायचं. इथलं सरकार म्हणतं की चीनच्या कारखान्यांना अशा मशीनचे भाग द्यायचे नाहीत, त्यांनी चांगल्या चिप बनवू नयेत म्हणून. त्याची यादी असते आणि ती सारखी वाढते. नाव टाकलं की स्क्रीन हिरवी नाहीतर लाल. लाल आली की हात काढायचा आणि डेबीला बोलवायचं.

मी काही बावळट नव्हते हं. एकदा एका नव्या कंपनीची सहा व्हॉल्व्हची ऑर्डर आली, स्क्रीन हिरवी, सगळं व्यवस्थित. पत्ता वाचून मी म्हणलं डेबी, इथं तर मी आयब्रो करायला जाते! नेल पार्लर होतं ते. कारखान्याच्या पत्त्यावर नेल पार्लर. ऑर्डर कॅन्सल केली, डेबीनं सगळ्यांना पिझ्झा मागवला आणि माझा फोटो भिंतीवर लावला. सागर चिडवायचा, "काय सीआयडी, आज कोण पकडलं?"

गिऱ्हाईकं पण एकेक. एक म्हातारी बाई आली, तिला एक जुना व्हॉल्व्ह हवा होता, चालू नसला तरी चालेल म्हणाली. नवरा तीस वर्षं त्या मशीनवर कामाला होता, तो गेला, तिला तो शोकेसमध्ये ठेवायचा होता. मी तो पुसून पुसून चांदीसारखा केला आणि दोन पिशव्यांत दिला. नियमानं एकच बसते.

आणि वेनकाका.

त्यांना सगळे मिस्टर वेन म्हणायचे, मीच काका म्हणायचे. सत्तरीचे, बारीक, खिशाला नेहमी तीन पेन. चाळीस वर्षांपूर्वी चीनमधून आले, इथलेच नागरिक. त्यांचं जुन्या मशीन दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं, महिन्यातून दोनदा काउंटरवर यायचे. पार्टचा नंबर कसा वाचायचा, कुठला आकडा साइजचा, कुठला धातूचा, ते मला त्यांनी शिकवलं. डेबीला वेळ नसायचा आणि मला विचारायची लाज वाटायची, तर काका न विचारताच बोट ठेवून दाखवायचे. मला पाचवा महिना होता तेव्हा थर्मासमधून लाल खजुराचं गरम पाणी आणायचे. "ड्रिंक. फॉर ब्लड." मी म्हणायचे काका, नको वाटतंय. तर म्हणायचे, "बेबी डज नॉट ॲस्क यू." जिजा झाल्यावर पानं असलेली संत्री घेऊन घरी आले आणि तिच्याशी चिनीत बोलत बसले, आणि ही बया आमच्या कोणाकडं बघून हसायची नाही ती त्यांच्याकडं बघून हसली.

त्यांचा धाकटा भाऊ तिकडं, शांघायच्या पुढं दोन तासांवर. चिपच्याच कारखान्यात होता, रिटायर झाला होता. पण अमेरिकेचे भाग यायचे बंद झाले, इथले सर्व्हिसचे इंजिनीअर निघून गेले, तेव्हा कारखान्यानं त्याला परत बोलावलं, कारण जुनी मशीन जुन्या माणसांनाच कळते. आता तिकडं सगळं स्वतः बनवायचं चाललंय म्हणे. रिंगा बनवल्या, व्हॉल्व्ह बनवले. काका सांगताना छाती काढायचे. मी विचारलं, काका, तुम्ही कोणाच्या बाजूनं? म्हणाले, "माय ब्रदर फिक्स मशीन, आय ॲम प्राउड. देन आय गो व्होट हिअर." आणि स्वतःच हसले.

मग तो दिवस. काका काउंटरवर आले, गेज घ्यायला, तांब्याएवढा असतो, मशीनच्या आत हवा किती उरली ते मोजतो. चेहरा उतरलेला. भावाला किडनीचा त्रास वाढला, परवा निघतोय म्हणाले, यावेळी भेट झाली तर झाली. मी म्हणलं आणि हा गेज? तर हळूच म्हणाले, तो पण नेतोय. भावानं असे तीन गेज बनवले, तिन्ही केसभर चुकतात. एक खरा हातात असला की त्याच्याशी मिळवून बघता येईल. बिछान्यावर पडून त्याला तेवढंच लागलंय.

मी म्हणलं, "म्हणजे मापाचा ब्लाउज!"

त्यांना कळेना, तर मी सांगितलं की आमच्याकडं शिंप्याला नुसती मापं देत नाहीत, अंगाला बसलेला एक जुना ब्लाउज देतात, त्यावरून तो नवीन शिवतो. काका इतके हसले की डोळे पुसले. "यस, यस. ब्लाउज."

आता तुम्ही म्हणाल, बाई गं, नेल पार्लर पकडलंस आणि हे तुला कळलं नाही? देवाशपथ नाही कळलं. माझ्या डोक्यात पाठवणं म्हणजे लेबल लावून, ट्रकमध्ये घालून पाठवणं. ऑर्डर काकांच्या दुकानाच्या नावावर, स्क्रीन हिरवी. आणि आपल्यात कोणी गावाला निघालं की आपण सोबत देतोच की. मी इथून प्रत्येक जाणाऱ्याच्या बॅगेत मामीच्या गोळ्या, पुतण्याचे बूट दिलेत, येणाऱ्यानं माझ्यासाठी मेतकूट आणलंय. कोणी निघालाय, त्याचा भाऊ आजारी आहे, तो त्याच्यासाठी एक वस्तू नेतोय, तर हे पाठवणं थोडंच झालं? हे सोबत देणं.

म्हणून मी काय केलं, लोकलचं एक पिशवीचं पॅकिंग केलंच नाही. दोन पिशव्या, पुडी, फोम, बॅगेत बसेल असं आडवं खोकं. काका म्हणाले राहू दे, मी म्हणलं तुम्ही गप बसा, विमानात बॅगा कशा आपटतात ते मला माहितीये. कोपऱ्यात जागा उरली. जागा ठेवायची नाही. मंडळाच्या सत्यनारायणासाठी न्यायचे लाडू सकाळीच गाडीत ठेवले होते, त्यातले बारा काढून डब्यात भरले आणि तिथं बसवले. भावाला द्या म्हणलं. खाली नेहमीसारखी माझी सही, ए. के.

एअरपोर्टवर बॅग उघडली. एवढं सुबक पॅकिंग बघून कोणालाही कळलं असतं की हे विमानासाठीच केलंय, आणि ज्यानं केलं त्याला ते माहीत होतं.

ते बिल्लेवाले दुसऱ्या दिवशी दहाला सविस्तर विचारायला येणार म्हणून गेले. डेबीनं मला खोलीत नेऊन समजावलं. "ॲश, नमुना देणं हे दहा खोकी देण्यापेक्षा वाईट. दहा खोकी संपतात. नमुना मिळाला की ते स्वतः बनवतात. हा सगळा नियम त्याच्यासाठीच आहे." मी ऐकलं आणि रडायलाच लागले.

घरी सागर जिजाला घेऊन नुसता इकडून तिकडं फिरत होता. मग म्हणाला, "आशू, खोटं बोलू नको. इथं सगळं रेकॉर्डवर जातं. आपला व्हिसा, तुझं कार्ड, सगळं एका माळेत आहे. विचारतील तेवढंच सांग, पण खरं सांग."

मामीचा व्हिडिओ कॉल. ती म्हणाली, "मला नाही म्हायती म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कोर्टात काय, पोलिसात काय, जास्त बोलणारा अडकतो."

"आई, तू मधी बोलू नको, हे विटा नाही," सागर म्हणाला.

"तुझी बायको आधी माझी भाची आहे रे, मी बोलणार."

मी काकांना फोन लावणार होते, काय सांगू म्हणून विचारायला. सागरनं फोन हातातून काढून घेतला. "आता एक कॉल जरी गेला ना, तर ते म्हणतील दोघांनी ठरवलं." बरोबरच होतं त्याचं.

सकाळी जिजाला खोकला, डेकेअरनं दारातूनच परत पाठवलं. सागरच्या ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती, त्याला सुटी मिळेना. मग मी तिला घेऊनच गेले. डेबी दारापाशी बसली. मांडीवर जिजा, समोर ती बिल्लेवाली बाई, टेबलावर फोनवर दुभाष्या. मराठी मिळाला नाही, हिंदी मिळाला, तो बातम्या दिल्यासारखं बोलायचा. बाई वाईट नव्हती. जिजानं तिचं पेन ओढलं तर तिनं ते तिला देऊन टाकलं आणि दुसरं काढलं. मला म्हणाली पाणी घे. मग विचारलं, "मिस्टर वेन यांनी तुम्हाला सांगितलं होतं का, की हा गेज ते चीनला नेणार आहेत?"

जिजा पेन तोंडात घालत होती, मी काढत होते, ती परत घालत होती. नाही म्हणाले तर काका सुटतील का? आणि मग हे पॅकिंग? दोन पिशव्या? लाडू? नाही म्हणाले आणि पकडले तर हिला कोण बघेल? तिच्या अंगाला तेल आणि खोकल्याच्या औषधाचा वास येत होता.

मी म्हणाले, "हो, सांगितलं होतं."

सगळं सांगितलं. ब्लाउजचं पण सांगितलं. दुभाष्या तिथं जरा अडखळला.

मला काही झालं नाही. बाई म्हणाली तुम्ही सहकार्य केलंत. मालकानं ताकीद दिली, चार दिवसांचं ट्रेनिंग दिलं, परत त्याच टेबलावर उभं केलं. आता काउंटरवरून माल नेणाऱ्याला पण मी विचारते, तुम्ही कुठं प्रवासाला निघालाय का? लोक हसतात. मी हसत नाही. भिंतीवरचा फोटो मी माझ्या हातानं काढला.

काका दिसायचे बंद झाले. त्यांचं दुकान बंद. घरी जायची मला हिंमत नव्हती, आणि कंपनीनं पण सांगितलं होतं की भेटायचं नाही. सहा-सात महिन्यांनी केस मिटली असं डेबीकडून कळलं.

मग एका रविवारी लेक एलिझाबेथच्या तळ्यावर जिजाला बदकं दाखवायला गेलो होतो आणि बाकावर काका. मी परतच फिरणार होते. पण जिजा तोवर धावायला शिकली होती. ती गेली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. ओळखलं म्हणून नाही, ती कोणाच्याही गुडघ्याला धरते.

"मेनी टीथ नाउ," काका म्हणाले.

मी शेजारी बसले. विचारलं भाऊ कसे आहेत. म्हणाले, मार्चमध्ये गेला. केस चालू असताना पासपोर्ट कोर्टाकडं जमा होता. पुतण्यानं तिकडं फोन उभा करून ठेवला होता, त्यात बघितलं सगळं.

मी म्हणलं काका, एवढ्या जुन्या एका गेजसाठी एवढी मोठी केस? डेबी तर सांगत होती, तुमचा वकील म्हणतो की नियम नीट माहीत नव्हता असं सांगितलं तर लवकर सुटेल?

काका खाली वाकले. मग जिजाच्या बुटाची सुटलेली पट्टी लावत लावत त्यांनी सांगितलं. इंग्लिशमध्येच, तुटकंतुटकं, पण मला सगळं कळलं. एअरपोर्टवर त्यांना पहिल्यांदा विचारलं ते हेच की पॅक करणारीला माहीत होतं का. आणि काकांनी सांगितलं, नाही. मी तिला म्हणालो हा गेज इथल्याच गिऱ्हाइकाला द्यायचाय. तिला काही माहीत नाही, ती साधी पोरगी आहे, तिला लहान बाळ आहे. कागदावर सही पण केली. मग दोन आठवड्यांनी माझा जबाब त्यांच्यासमोर ठेवला. गेजचं एक कलम होतंच, ते मिटलं असतं लवकर. पण सरकारी माणसाशी खोटं बोलल्याचं दुसरं कलम लागलं, आणि ते मिटायला सगळा हिवाळा गेला. त्या हिवाळ्यातच भाऊ वाट बघत होता.

म्हणजे ते माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी खरं बोलून त्यांना खोटं पाडलं.

जिजाच्या दुसऱ्या बुटाची पट्टी मी उगाच सोडून परत लावली. काकाच म्हणाले, "यू सेड राइट. यू हॅव बेबी." आणि उठून जिजाला बदकांकडं घेऊन गेले, तिच्या चालीनं, वाकून, एक बोट तिच्या मुठीत देऊन. सागर म्हणतो तू काही चुकीचं केलं नाहीस, जे माहीतच नव्हतं त्याचा दोष तुझा कसा. मामी म्हणते मी सांगत होते. डेबी म्हणते तू बरोबर वागलीस, कागद पण तेच म्हणतो. सगळ्यांचं ऐकून होतं आणि मग जिजा झोपेत माझा हात धरते, मी तो सोडवून घेत नाही, आणि मला वाटतं, हा हात माझ्याकडं राहिला तो कुणाच्या बदल्यात राहिला?

तुम्ही सगळी शिकलेली माणसं आहात, वर्षानुवर्षं इथं राहताय. तर मला एवढं सांगा. मांडीवर खोकणारी पोर आहे, समोर ती बाई दुसरं पेन उघडून थांबलीये, फोनमधला माणूस प्रश्न परत एकदा वाचतोय, आणि तिकडं एअरपोर्टवर तो म्हातारा काय बोलून बसलाय ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही काय म्हणाला असतात?